अकरा कॅसेट, एक वही आणि आखाजीला आलेल्या पोरी : अमळनेरच्या एका समूहगान पथकाचा इतिहास गोळा करतानाच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

आमचं समूहगान पथक बसवणाऱ्या सरांच्या मुलाने आज ट्रंक दिली. पत्र्याची, कडी गंजलेली, वरच्या पत्र्याच्या खोलीत पंधरा-वीस वर्षं पडून होती. आत ११ कॅसेट, एक दोनशे पानी वही, एक इतिवृत्ताचं रजिस्टर, २७ फोटो आणि बाहेरगावच्या कार्यक्रमांची पत्रं. मी या पथकात शेवटच्या बॅचला होतो, १९८९ ते ९१, तेव्हा आठ वर्षांचा होतो आणि पहिल्या रांगेत डावीकडून दुसरा उभा राहायचो. ९१ ला पथक बंद पडलं. सर गेले, पेटी वाजवणारे काका आता पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. कोणीतरी हे लिहून ठेवायला पाहिजे असं प्रत्येक जण दर लग्नात भेटलं की म्हणतो, म्हणून मी घेतलं. तारखा टाकून लिहितोय कारण धुळे, चोपडा, शिरपूरकडे अशीच पथकं होती, तिथल्या कोणाला असं काम करायचं असेल तर माझ्या चुका तरी त्याच्या वाचतील.

आज फक्त मोजलं, फोटो काढले, प्रत्येक वस्तूला पेन्सिलने नंबर टाकला. ट्रंक पुन्हा पत्र्याखाली ठेवली नाही. आपल्याकडे मे महिन्यात ४४-४५ डिग्री जातं, पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त, तीन कॅसेटची कव्हरं वाकलेली दिसतायत ती त्यानेच.

२ फेब्रुवारी

चूक नंबर एक. घरचा जुना डेक दुरुस्त करून आणला (बेल्ट आणि मजुरी मिळून ७५० रुपये) आणि उत्साहात कॅसेट १ सरळ लावली. दहा सेकंदात तुटली. टेपच्या सुरुवातीला जो पारदर्शक तुकडा असतो, त्याच्या आणि टेपच्या जोडावरचा गम वाळलेला असतो, बहुतेक वेळा तिथेच सुटतं हे नंतर कळलं. मी काय केलं तर घरातली साधी चिकटपट्टी लावली. वाजली पण पट्टीचा गम बाजूला पसरला आणि पुढच्या वेढ्याला चिकटला, मग तो डेकच्या हेडला (टेपवरचा आवाज वाचणारा भाग) पण लागला. चाळीस सेकंदांचा आवाज कायमचा खराब झाला, आणि त्या चाळीस सेकंदात सर स्वतः बोलतायत, गाण्याआधी सूचना देतायत. सरांचा आवाज बाकी कुठल्याच कॅसेटवर इतका जवळून नाहीये. याचं मला अजून वाईट वाटतं.

चिकटपट्टी नाही म्हणजे नाही. जोडायची खास टेप मिळते, दोन्ही टोकं एकावर एक ठेवून तिरकी कापायची आणि हेडला लागते ती बाजू सोडून मागच्या बाजूने जोडायचं.

९ फेब्रुवारी

जळगावहून चांगला जुना डेक घेतला, २२०० ला. आता क्रम ठरवलाय तो असा. कॅसेट आधी उजेडात बघायची, पांढरी पावडर दिसली तर बुरशी, ती तोंडाला रुमाल बांधून घराबाहेर साफ करायची. मग आतला छोटा फेल्टचा तुकडा जागेवर आहे का बघायचा, जो टेपला हेडवर दाबून धरतो. आमच्या चार कॅसेटमध्ये तो गळून पडला होता, त्यामुळे आवाज लांबून आल्यासारखा येत होता आणि मला उगाच वाटलं रेकॉर्डिंगच खराब. स्क्रूच्या कॅसेट उघडता येतात, चिकटवलेल्या ब्लेडने कापाव्या लागतात आणि टेप नव्या खोक्यात घालावी लागते (रिकामी खोकी १५० रुपयांत मिळाली). प्रत्येक कॅसेटनंतर हेड आणि रबरी रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा, बाटली २२० ची, अर्धी पण संपली नाही.

कॉम्प्युटरला जोडायला ३५० चं छोटं यूएसबी कार्ड घेतलं होतं ते वाया गेलं. त्यात माईकची जागा असते, डेकचा आवाज तिथे फाटतो, वर ते स्वतःच आवाज कमीजास्त करतं. शेवटी एका डीजेवाल्या पोराकडून वापरलेला इंटरफेस (डेकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नीट घेणारा डबा) घेतला ४५०० ला. चोवीस बिट, वेव्ह फाईल. एमपीथ्री फक्त व्हॉट्सअपवर पाठवायला.

एक आणखी. हेडच्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो तो प्रत्येक कॅसेटला किंचित फिरवून झांजेचा आवाज सगळ्यात स्वच्छ जिथे येतो तिथे ठेवायचा. दोन मिनिटांचं काम आहे पण गाण्याचे शब्द कळायला लागतात.

२३ फेब्रुवारी

वही. दोन आठवडे वाया गेले, का ते सांगतो.

वहीच्या पहिल्या पानावर "०२" लिहिलंय आणि पुढे तिथ्या, चैत्र शु. अमुक, वैशाख व. तमुक. मी ०२ म्हणजे २००२ धरलं. म्हणजे पथक बंद पडल्यावर सरांनी आठवणीने लिहिलेली वही असा मी निष्कर्ष काढला, तशी यादी बनवली आणि आठ-दहा जणांना पाठवून पण दिली. सगळं त्यावर रचत गेलो.

काल आईला पान वाचून दाखवत होतो, "अधिक ज्येष्ठ शु. ५ पासून रोज सकाळी सात वाजता". आई म्हणाली अधिक ज्येष्ठ तर आमच्या लग्नानंतर लगेच आला होता, तुझ्या आजोळहून यांना तेहतीस अनारसे आले होते. आईबाबांचं लग्न १९८० चं. मग पंचांग काढलं. २००२ साली अधिक महिनाच नाही. अधिक ज्येष्ठ १९८० ला होता. आणि ०२ म्हणजे शके १९०२, त्यात ७८ मिळवले की १९८०. सर संस्कृत शिकवायचे, ते शकच लिहिणार, हे मला आधीच सुचायला पाहिजे होतं. म्हणजे ही वही आठवणीने लिहिलेली नाही, रोजच्या रोज लिहिलेली आहे, पहिल्या दिवसापासूनची. उन्हाळी सुटीत मेच्या मध्यापासून रोज सकाळी तालीम, ऊन चढायच्या आत संपवायची.

जुन्या कागदावर तिथी असेल तर आधी अधिक महिना शोधा. तो दरवर्षी येत नाही, त्यामुळे साल पक्कं करायला त्याच्याइतकं चांगलं काही नाही. आणि घरातल्या बायकांना विचारा.

वहीत आणखी एक कळलं. सर मराठीशिवाय बंगाली, तमिळ, असमिया गाणी देवनागरीत उतरवून घ्यायचे. ऐंशीच्या दशकात एनसीईआरटीने शाळाशाळांत समूहगानाची जी मोहीम चालवली त्यातली बरीचशी असणार, पण बंगाली गाणी त्याच्या आधीची वाटतात. एका पानावर फक्त "कलकत्ता यूथ कॉयर" एवढंच लिहून खाली दोन रेघा ओढल्यात. रुमा गुहा ठाकुरता यांनी सलील चौधरी आणि सत्यजित राय यांच्या साथीने १९५८ मध्ये काढलेलं ते पथक. सरांनी ते कुठे ऐकलं हे वहीत नाही. पण दोन आवाजांत गायचं वेड तिथून आलं असावं. आपल्याकडे प्रार्थना असो, मेळा असो, सगळे एकाच सुरात गातात, आणि साने गुरुजींच्या गावात समूहाने गाणं काही नवीन नाही. १९२४ ते ३० गुरुजी इथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. पण एक रांग वरून आणि एक रांग खालून, एकाच वेळी वेगळ्या चालीत, हे १९८० ला अमळनेरात कोण करत होतं.

वहीत गाण्यांपुढे पट्टी लिहिलीय, म्हणजे पेटीवर सा कुठे धरायचा ते, बहुतेक "काळी चार". आणि काही ठिकाणी "खा. आ. – म.". खालचा आवाज मध्यमावर, असं मी उतरवून घेतलं.

९ मार्च

जुन्या सात जणांना घरी बोलावलं. सगळे पुरुष, कारण गावात राहिलेले तेच. शेवभाजी केली, तीन तास बसलो, मोबाईलवर रेकॉर्ड केलं.

ही पद्धत चुकली. सगळ्यांना एकत्र बसवलं की ज्याचा आवाज मोठा त्याचीच आठवण सगळ्यांची होते. एकाने सांगितलं ७७ ला आणीबाणी उठली त्या वर्षी पथक सुरू झालं आणि बाकी सहा जण माना हलवायला लागले. वही तर १९८० सांगते. नंतर आठवडाभर एकेकाच्या घरी जाऊन वेगळं विचारलं तेव्हा उलगडलं. ७७ ला गणपतीचा मेळा होता, फक्त पोरांचा. पोरी आल्या, खालचा आवाज आला, सर शनिवारी संध्याकाळी वाचनालयाच्या हॉलमध्ये बसवायला लागले ते १९८० पासून. दोन्ही खरं, पण दोन वेगळ्या गोष्टी.

खालचा आवाज कसा आला यावर मात्र सातही जण एकटे असताना पण तेच म्हणाले, सरांनी पेटीवर बसवला. तसंच लिहून ठेवलं.

२३ मार्च

कॅसेट ४, १९८४ चा कार्यक्रम. ऐकताना पोरांचे आवाज फार चिमणीसारखे वाटत होते. वही म्हणते काळी चार, पेटी काढून सूर लावला तर टेपवर पांढरी सहा येतेय. अर्धा सूर वर. म्हणजे टेप जवळजवळ ६ टक्के जास्त वेगाने चालतेय.

आधी वाटलं डेकचा बेल्ट. पण दुसऱ्या कॅसेट बरोबर वाजतात. मग पेटीवाले काका म्हणाले तेव्हा रेकॉर्डर सेलवर चालायचा. सेल उतरले की रेकॉर्ड करताना टेप हळू फिरते, आणि आता योग्य वेगाने वाजवली की ती जलद वाटते. खात्री करायला हॉलच्या ॲम्प्लिफायरची गुणगुण शोधली, ती विजेची असते, ५० हर्ट्झची पाहिजे, प्रोग्राममध्ये बघितलं तर ५३ वर उभी. शेवटच्या गाण्यापर्यंत ती आणखी वर सरकलेली, सेल उतरत चाललेले.

दुरुस्त करताना मी आधी फक्त सूर खाली घेतला, लय तशीच ठेवली, ते चुकीचं. सूर आणि लय दोन्ही चढलेलं असतं, म्हणून वेगच कमी करायचा. साडेपाच टक्क्यांच्या आसपास कमी केला, शेवटच्या दोन गाण्यांना वेगळा हिशोब लावला. पूर्ण रविवार गेला. पण संध्याकाळी सात वाजता ती पोरं खरोखर पोरांसारखी गायला लागली आणि आम्ही घरातले चौघे गप्प बसून ऐकत राहिलो.

वेग बरोबर झाल्यावर खालचा आवाज पहिल्यांदा स्वच्छ ऐकू आला. रांग नव्हतीच. तिसऱ्या गाण्यात तो एकाच मुलीचा आवाज आहे, बाकीच्या तिच्या मागून येतात. आणि तो मध्यमावर नाहीये, खालच्या पंचमावर टिकतो आणि तिथून हलतो. वहीत म, टेपवर प. सरांनी नंतर बदललं असेल असं धरून पुढे गेलो.

६ एप्रिल

ती मुलगी कोण.

१९८४ च्या फोटोत २२ जण. मागे सरांच्या अक्षरात नावं. नऊ मुलं, नावासकट वडिलांच्या नावासकट. तेरा मुली, प्रत्येकीपुढे "कु." आणि फक्त आडनाव. चार पाटील, तीन महाजन, दोन चौधरी. रजिस्टरमध्ये पण तेच. सरांचा मी आदर करतो पण इथे राग आला. लग्न झालं की आडनाव गेलं, म्हणजे त्या यादीवरून एकही बाई आज सापडणार नाही. फेसबुकवर तीन रात्री घालवल्या, काही नाही. सात जणांना विचारलं तर "ती वाणी गल्लीतली उंच पोरगी", "ती डॉक्टरच्या बाजूला राहायची ती", एवढंच.

शेजारच्या मावशी म्हणाल्या, कशाला शोधतो, आखाजी आली ना तीन आठवड्यांवर, ज्यांचे भाऊ गावात आहेत त्या येतीलच. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडे तेव्हा लेकी माहेरी येतात.

हे जानेवारीत सुचलं असतं तर मी कॅसेट ४ आधी घेतली असती. असो, आखाजीच्या आत ४ आणि ६ तयार करायच्या ठरवल्या.

१ मे

काल आखाजी. आज पण लिहितोय तर हात थांबत नाहीये.

दुपारी घागर भरून झाल्यावर, रस-पोळीची जेवणं उरकल्यावर चार गल्ल्यांत स्पीकर घेऊन फिरलो. आधी सांगून ठेवलं होतं, त्यामुळे निंबाला झोका बांधलेल्या वाड्यात पंधरा-वीस बायका जमल्या होत्या. तेरापैकी पाच आल्या होत्या माहेरी. एक धुळ्याहून, दोन पारोळ्याहून, एक नंदुरबारहून, एक थेट सुरतेहून, उधन्याला राहतात, सकाळच्या गाडीने उतरल्या. एसटीवाल्या तिघींनी अर्ध्या तिकिटामुळे जमतं हे आवर्जून सांगितलं.

प्रश्न काहीच विचारले नाहीत. कॅसेट ४ चं तिसरं गाणं लावलं.

दुसऱ्या ओळीला सुरतेच्या आक्का उभ्या राहिल्या. "हाऊ मन्हा आवाज शे." (हा माझा आवाज आहे.) मग खाली बसल्या आणि टेपबरोबर गायला लागल्या, तोच खालचा पंचम, एकेचाळीस वर्षांनी, एक शब्द चुकला नाही. बाकीच्या चौघी वरून लागल्या. मी रेकॉर्डर चालू करायचं विसरलो. दुसऱ्यांदा गायला लावलं ते रेकॉर्ड झालंय, पहिलं गेलं. कोणाच्याही घरात पाय ठेवायच्या आधी रेकॉर्डर चालू करा, हे मी आता कागदावर लिहून पिशवीला बांधलंय.

आक्कांनी सांगितलं ते असं. त्यांना वरचा सा लागायचा नाही, चौदा-पंधराव्या वर्षी आवाज जड होता, काळी चारला घसा फाटायचा. दोन शनिवार त्या नुसते ओठ हलवत उभ्या राहिल्या. तिसऱ्या शनिवारी आजी जात्यावर ओवी म्हणायची तेव्हा आपण खालून हूं धरायचो तसं धरलं, हळूच, कोणाला कळू नये म्हणून. सरांनी पेटी थांबवली. त्यांना वाटलं आता हाकलतील. सर म्हणाले परत म्हण. मग सर पेटीवर शोधत बसले की ही नेमकी कुठे उभी आहे, आणि बाकी पोरींना ते शिकवलं.

म्हणजे सातही जणांनी जे सांगितलं ते त्यांनी बघितलेलं होतं, सर पेटीवर बसवतायत. त्याच्या आधीचा शनिवार त्यांना माहीतच नव्हता.

मग त्यांनी फोटो उलटा करून बघितला आणि विचारलं, "आम्हनं नाव कोठे शे?"

काल संध्याकाळी झोक्याखालीच बसून पाच जणींनी मिळून तेरापैकी नऊ नावं सांगितली, माहेरचं, सासरचं, गाव. फोटोच्या मागे न लिहिता वेगळ्या कागदावर लिहिलं आणि कागद फोटोबरोबर एकाच पाकिटात ठेवला.

१८ मे

उन्हाने काम थांबलंय, दुपारी लाईट जाते, डेक तापतो. कॅसेट फक्त पहाटे पाच ते आठ. सुरतेला एक दिवस जाऊन आलो, आक्कांशी चार तास एकटं बोललो, या वेळी रेकॉर्डर दोन.

१५ जून

मुलाखती उतरवताना मोठी चूक केली. आक्का पूर्ण वेळ अहिराणीत बोलल्या आणि मी ऐकत ऐकत प्रमाण मराठीत टाईप करत गेलो, चाळीस पानं. वाचून दाखवली तर त्या म्हणाल्या हे मी बोललेच नाही, हे तर बातम्यांसारखं आहे. बरोबर आहे. जात्यावरचं "हूं धरनं" याला मी "आधारस्वर देणे" लिहिलं होतं, त्यात त्यांची आजी पण गेली आणि जातं पण गेलं.

पुन्हा पहिल्यापासून, जसं बोलल्या तसं. एका तासाच्या बोलण्याला मला सात तास लागतायत. बहिणाबाईंची गाणी आज आपल्याकडे आहेत ती त्यांचा मुलगा सोपानदेव आणि त्याच्या मावसभावाने, त्या म्हणत गेल्या तशी उतरवून घेतली म्हणून, त्यांच्याच बोलीत. १९५१ ला त्या गेल्या आणि १९५२ ला संग्रह निघाला. त्या पोरांनी ते शुद्ध करून लिहिलं असतं तर काय राहिलं असतं. बहिणाबाईंचं माहेर असोदा इथून दीड-दोन तासांवर आहे, मला हे शिकायला चाळीस पानं घालवायला नको होती.

२९ जून

वही परत पहिल्यापासून वाचतोय, आता आक्का माहीत आहेत म्हणून.

"खा. आ. – म."

मध्यम नाहीये. आक्कांचं माहेरचं नाव म वरून आहे. सर दुसरीकडे स्वर लिहितात तेव्हा पूर्णविराम देत नाहीत, नुसतं म, नुसतं प. जिथे टिंब आहे तिथे ते माणसाचं नाव आहे. सगळी वही तपासली, नऊ ठिकाणी टिंबवाला म आहे, आणि पहिला आहे तो शके १९०२ च्या श्रावणात. सरांनी लिहून ठेवलं होतं, त्यांच्या पद्धतीने. मी फेब्रुवारीत वाचून पुढे गेलो होतो. एप्रिलच्या नोंदीत मी रागाने जे लिहिलं ते खोडत नाही, फोटोच्या मागे नाव नाहीच आहे. पण हे पण आहे.

आक्कांना फोन केला. बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या त्या पानाचा फोटो पाठव.

३ ऑगस्ट

कानबाई, आमच्या खानदेशातला श्रावणातला देवीचा सण. धुळ्याच्या ताई रोटांसाठी (देवीच्या नैवेद्यासाठी) भावाकडे आल्या होत्या, त्यांच्याकडून आणखी एक नाव मिळालं. दहा झाली. रात्री जागरणाला कानबाईची गाणी चालू होती, मी मुद्दाम लक्ष देऊन ऐकलं, दोन म्हाताऱ्या खालून धरत होत्या. रेकॉर्ड केलं, त्यांना विचारून.

२४ ऑगस्ट

खर्च मांडला कारण लोक हेच आधी विचारतात. दोन्ही डेक मिळून २९५०, वाया गेलेलं कार्ड धरून आवाजाचं सामान ४८५०, अल्कोहोल आणि खोकी ३७०, दोन हार्ड डिस्क ८६०० (एक माझ्याकडे, एक सरांच्या मुलाकडे, एकाच घरात दोन ठेवून उपयोग नाही), फोटो स्कॅन ६४०, प्रवास १९३०, आखाजीचा चहा-फराळ १२००. एकूण २०,५४० रुपये. सातजणांनी मिळून ९००० दिले, सुरतेच्या आक्कांनी ५०० पाठवले, परत करू दिले नाहीत. वेळेचा हिशोब ठेवला नव्हता, अंदाजे दर रविवार आणि शंभरेक पहाटा.

अकरापैकी दहा कॅसेट झाल्या. कॅसेट ७ वाकलेल्या खोक्यातली, टेपची कड सुरकुतलीय, वाजवली की आवाज आत-बाहेर होतो. मी तिला हात लावणं बंद केलंय, माझ्याकडून ती तुटेल. माहितगार माणूस मिळेपर्यंत कपाटात खालच्या खणात, कापडात.

पाच जणींना पेनड्राइव्ह पाठवले. पारोळ्याच्या एका ताईंकडे कॉम्प्युटर नाही, त्यांच्या नातवाने मोबाईलवर चढवून दिलं. तेरापैकी तीन मुली अजून राहिल्यात, फोटोत मागच्या रांगेत उजवीकडच्या दोन आणि मधली एक, दोन वेण्या, कपाळावर मोठी टिकली. दोघींचं माहेर आता गावात नाही, भाऊ पुण्याला गेले, त्यामुळे आखाजीला त्या येणार नाहीत. तिसरीचं घर सापडलंय, भाऊ म्हणाला पुढच्या आखाजीला नक्की येईल. स्पीकर आणि रेकॉर्डर दोन्ही चार्ज करून ठेवायचे आहेत.